चुन्याचं वावडं असलेलं झाड

मुक्ता, चिनू, जरा इकडे या आणि ही दोन झुडपं नीट बघा. दोन्ही अझेलियाचीच. एकाच रोपवाटिकेतून, एकाच दिवशी आणलेली. रस्त्याकडच्या ओकखालचं झुडूप गुलाबी फुलांनी असं लगडलंय, की आतली फांदी दिसत नाही. दुसरं आहे घराच्या भिंतीला लागून, सिमेंटच्या पायाशेजारी. त्याला फुलं मोजकीच, आणि पानं पिवळी. पण पिवळी कशी झालीत तेही पाहा. शिरा हिरव्या राहिल्यात, शिरांमधली जागा तेवढी पिवळी. खालची जुनी पानं ठीक आहेत, शेंड्याची कोवळी पानं बिघडलीत. पाणी दोघांना सारखंच मिळतं. खत तर भिंतीजवळच्याला जास्तच मिळालंय. मग बिनसलं कुठे?

आमच्या सांगलीकडचा कुठलाही ऊस लावणारा शेतकरी हे पान बघून सांगेल, केवडा पडलाय. पण केवडा का पडतो, आणि तो शेजारच्या झुडपावर का नाही, हे समजायचं तर मुळांपर्यंत जायला हवं. आणि मुळं समजायची तर ती ज्या मातीत घडली त्या मातीपर्यंत. तेव्हा आधी आपण जपानला जाऊ.

जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं मोठं बेट आहे. त्यावर आसो, किरिशिमा, उन्झेन असे जागते ज्वालामुखी आहेत. त्यांच्या उतारांवर राख पडते, गंधकाच्या वाफा निघतात. वर पाऊसही भरपूर. हा पाऊस मातीतला चुना आणि इतर क्षार धुऊन नेतो आणि मागे उरते ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती. अशा जागी मोठी झाडं सहजी पाय रोवत नाहीत. आणि नेमक्या त्याच उतारांवर मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत गुडघाभर उंचीची झुडपं फुलतात आणि डोंगरच्या डोंगर जांभळा-गुलाबी होतो. तिथले लोक या झुडपाला मियामा-किरिशिमा म्हणतात. अझेलियाचीच ही एक रानटी जात.

खरी गंमत पुढे आहे. डोंगर बरीच वर्षं शांत राहिला, राखेवर पालापाचोळा साठून माती तयार झाली, की मोठी झाडं हळूहळू वर चढून येतात. त्यांच्या गर्द सावलीत हे झुडूप मागे हटत जातं. म्हणजे माती सुधारणं हेच त्याच्या मुळावर येतं! सुपीक जमिनीवर नेहमीच गर्दी असते, नापीक उतारावर जागा रिकामी असते. या कुळानं ती रिकामी जागा पत्करली आणि तिथे कसं जगायचं ही विद्या कोट्यवधी वर्षांत कमावली. अझेलिया लावणाऱ्यानं एवढी एक गोष्ट मनाशी पक्की धरली, तर पुढचं सगळं आपसूक कळत जातं.

या कुळाचा पसारा मोठा आहे. शास्त्रज्ञ त्याला ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतात आणि त्यात हजाराच्या आसपास जाती आहेत. उत्तराखंडातला तांबड्या फुलांचा बुरांश यातलाच. नेपाळात त्यालाच लालीगुरांस म्हणतात आणि ते तिथलं राष्ट्रीय फूल आहे. त्याच बुरांशाची एक उपजात हिमालयापासून शेकडो कोस दूर, आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेला निलगिरीच्या उंच पठारावर फुलते. आणि तुमच्या न्यू जर्सीतल्या पाणथळ रानात पांढऱ्या, चिकट, घमघमणाऱ्या फुलांची एक अझेलिया कुणी न लावता उगवते. कुठे राखेचा डोंगर, कुठे दलदल, कुठे थंड पठार. पण माती सगळीकडची आंबट.

आता ओकखालच्या झुडपाचं एक फूल हातात घ्या. तोडू नका, फांदीवरच धरा. पाकळ्या पाच, पण खाली जुळून त्यांचं नरसाळं झालंय. वरच्या पाकळीवर गडद ठिपके आहेत. मध कुठे आहे ते कीटकांना दाखवायची ती खूण. आता पुंकेसर मोजा. पाच आहेत ना? स्वीडनच्या लिनियसनं १७५३ साली वनस्पतींची मोठी यादी केली, तेव्हा पाच पुंकेसरवाल्यांना अझेलिया म्हटलं आणि दहावाल्यांना ऱ्होडोडेंड्रॉन, आणि दोघांची वेगवेगळी घरं मांडली. पुढे नव्या नव्या जाती सापडत गेल्या. कुणाचे पुंकेसर पाच, कुणाचे सात, कुणाचे दहा. ती भिंत टिकेना. शेवटी १८३४ साली जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञानं दोघांना एकाच घरात आणलं.

मुक्ता, आता पुंकेसराच्या टोकावरच्या त्या बारीक पिशवीकडे बघ. तो परागकोश. बहुतेक फुलांत तो उभा फाटतो आणि पराग भुकटीसारखे बाहेर सांडतात. इथे तो फाटत नाही. टोकाला फक्त दोन बारीक भोकं असतात. बोट अगदी हलकेच टेकव आणि सावकाश मागे घे. दिसलं? पांढुरका, चिकट धागा बोटाबरोबर ओढला जातोय. परागकण चार-चारच्या जुडीनं एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्या जुड्या गजऱ्यातल्या कळ्यांप्रमाणे चिकट तंतूंनी ओवलेल्या असतात. कीटकाचं अंग भोकाला लागलं, की एक पराग नव्हे, अख्खी माळ बाहेर येते. एका भेटीत शेकडो बिया धरण्याची सोय! अमेरिकेच्या ॲपलाशियन डोंगरांत केशरी फुलांची एक अझेलिया आहे. तिचे पुंकेसर इतके लांब बाहेर आलेले असतात, की मध प्यायला टेकलेल्या मधमाशीचं अंग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पोचतात ते मोठ्या वाघ्या फुलपाखरांचे पंख. मध पिताना ते पंखांची उघडझाप करतं आणि पराग चक्क पंखांवर चढून दुसऱ्या फुलाला जातात. शास्त्रज्ञांनी जाळ्या लावून हे तपासलं. मधमाश्या आत जाऊ शकतील पण फुलपाखरं नाहीत, अशा जाळ्यांतल्या फुलांना फळं जवळजवळ धरलीच नाहीत.

फूल तोंडात मात्र घालायचं नाही, चिनू! अझेलियाची पानं, फुलं, मध, सगळ्यांतच विष असतं. ग्रयानोटॉक्सिन त्याचं नाव. इसवी सनापूर्वी ४०१ सालच्या सुमारास झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीचं सैन्य काळ्या समुद्राच्या वाटेनं मायदेशी निघालं होतं. आजच्या तुर्कस्तानातल्या त्राब्झोनजवळ सैनिकांना पोळी सापडली आणि त्यांनी मध मनसोक्त खाल्ला. थोड्याच वेळात ओकाऱ्या, जुलाब, डोकं फिरलेलं. कुणाला उभं राहवेना, लढाई हरल्याप्रमाणे माणसं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी शुद्ध आली, तीन-चार दिवसांत सगळे उठले, मेलं कुणीच नाही. झेनोफननं हे सगळं लिहून ठेवलंय. त्या किनाऱ्यावर आजही पिवळ्या फुलांची अझेलिया आणि तिचा जांभळा भाऊबंद रानोमाळ फुलतो आणि तसा मध आजही तयार होतो. तेव्हा घरात कुत्रा असेल, गावाकडे शेळी असेल, तर त्यांना या झुडपापासून लांब ठेवायचं. इथली हरणं मात्र हिवाळ्यात भुकेपोटी याच्या कळ्या खुशाल खुडून नेतात, त्यांच्यासाठी जाळी लावावी लागते.

डोंगरावरचं हे झुडूप माणसाच्या अंगणात कसं आलं? जपानी माळ्यांनी ते फार पूर्वीच खाली आणलं. एदो, म्हणजे आजच्या तोक्योमध्ये इतो इहेई नावाचा एक रोपवाटिकावाला होता. त्यानं १६९२ साली नुसत्या अझेलियांवर पाच भागांचं सचित्र पुस्तक छापलं. विचार करा, आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, तेव्हा तिकडे एक माळी अझेलियाच्या शेकडो प्रकारांची चित्रं काढून घेत होता.

पण बियांपासून नवी रोपं करणं अवघड होतं. अझेलियाची बी धुळीएवढी बारीक असते. मातीत पुरली तर ती रुजत नाही, कारण तिला उजेड लागतो. वर ठेवली तर वाळून जाते किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. क्यूशूवरच्या कुरुमे गावी साकामोतो मोतोझो नावाचा एक सामुराई होता. १८३०च्या दशकात त्याला यावर उपाय सापडला. त्यानं बी मातीत न पेरता शेवाळावर पेरली. शेवाळ ओलं राहतं, आंबट असतं, त्यावर उजेड पडतो आणि बी वाहूनही जात नाही. डोंगरावर बी जिथे आपोआप रुजते, तीच जागा त्यानं तबकात मांडली. त्याच्या रोपांतून पुढे कुरुमे अझेलियांचे शेकडो प्रकार झाले. बुटके, दाट, फुलांनी पान झाकून टाकणारे.

ते १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात आले. १९१८ साली बोस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानाचा अर्नेस्ट विल्सन स्वतः कुरुमेला गेला. फुलं पाहून तो हरखून गेला आणि त्यानं पन्नास प्रकार निवडून अमेरिकेला धाडले. आज तुमच्या गल्लीत दर घरापुढे दिसणारी ही बुटकी झुडपं बहुतेक त्याच कुरुमेच्या वंशातली.

इथवर झाडाची गोष्ट झाली. आता मातीची. ही तर थेट तुमच्या न्यू जर्सीत घडली.

अमेरिकेच्या शेती खात्यात फ्रेडरिक कोव्हिल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तुम्ही सकाळी ज्या ब्लूबेरी खाता ना, त्या शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फक्त रानात मिळायच्या. ब्लूबेरी ही अझेलियाची जवळची नातलग, एकाच घराण्यातली. लोक रानातून रोप आणायचे, बागेतल्या उत्तम मातीत लावायचे, शेणखत घालायचे, चुना घालायचे, आणि रोप मरायचं. कोव्हिलनी १९०६ सालापासून कुंड्यांत प्रयोग सुरू केले. निरनिराळ्या मातींत रोपं लावली आणि १९१० साली निष्कर्ष छापला. तो त्या काळच्या शेतकऱ्यांना उलटाच वाटला असणार. या झाडाला आंबट माती हवी. ज्या जमिनीला शेतकरी नापीक म्हणतो, जी सुधारायला चुना टाकतो, तिच्यातच हे झाड सुखानं वाढतं. गोड केलेली, खतावलेली जमीन त्याला मारते.

ही पुस्तिका न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग गावच्या एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात आली. त्यांच्या वडिलांची क्रॅनबेरीची मोठी शेती होती. एलिझाबेथ यांनी कोव्हिलना कळवलं, आमची पडीक, आंबट, वाळूची जमीन घ्या आणि प्रयोग करा. आसपासच्या रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या लोकांना त्यांनी सांगून ठेवलं, मोठ्यात मोठं फळ देणारं झुडूप दाखवा, मोबदला देईन. ज्यानं झुडूप दाखवलं त्याच्या नावावरून जातीचं नाव ठेवलं. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. कोणाच्या उपयोगाची नाही म्हणून सोडलेली जमीन, तिच्यावर एक नवं पीक उभं राहिलं. आणि ब्लूबेरीसाठी शोधलेलं हे सूत्र अझेलिया लावणाऱ्यांनाही जसंच्या तसं लागू पडलं.

माती किती आंबट हे मोजायचं कसं? त्या मापाला सामू म्हणतात. १९०९ साली, म्हणजे कोव्हिलच्या पुस्तिकेच्या आदल्याच वर्षी, कोपनहेगनच्या सोरेन्सन यांनी ही पट्टी तयार केली. सातवर माती ना आंबट, ना अल्कधर्मी. सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. प्रत्येक पायरी म्हणजे दहा पट फरक. अझेलियाला साडेचार ते साडेपाच सामू मानवतो, फार तर सहा. आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडीच्या रानात तो आठच्याही वर जातो. पाच आणि आठ यांत आकडे तीनच, पण आम्लता हजार पटीनं कमी.

इतक्या आंबट मातीत अन्न मिळवणं सोपं नसतं. तिथे नत्र असतं खरं, पण ते कुजक्या पानांत, मेलेल्या किड्यांत, अडकून पडलेलं. सामान्य मुळाला ते सोडवून घेता येत नाही. मग अझेलियाचं मूळ काय करतं? जरा माझ्याजवळ या. ओकखालचा पाला बाजूला करून बोटभर खोल माती उकरली, की ही तपकिरी, केसासारखी बारीक जाळी दिसते. हीच याची मुळं. यांतलं टोकाचं मूळ मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक. इतर झाडांच्या मुळांवर जी लव असते, ती यांच्यावर नसते. त्या लवेचं काम करायला त्यांनी एक सोबती धरलाय. तो म्हणजे बुरशी.

ही बुरशी मुळाच्या बाहेरच्या पेशींत शिरते, आत गुंडाळी करून राहते आणि आपले तंतू बाहेर कुजक्या पाल्यात सोडते. तिच्याकडे पाला फोडणारी रसायनं असतात. अडकलेलं नत्र, स्फुरद ती सोडवते आणि झाडाला देते. झाड तिला पानात केलेली साखर देतं. हा व्यवहार कोट्यवधी वर्षांचा. तुम्ही वरून भरमसाट रासायनिक खत ओतलंत, तर ते या नाजूक मुळांना जाळतं आणि झाडाला सोबत्याची गरजही उरत नाही. तुम्ही मुळांभोवती कुदळ चालवलीत, तर ही जाळी तुटते. माणसाची अतिमाया इथे झाडाला बाधते.

आता भिंतीजवळचं झुडूप. सिमेंटच्या पायातून, भिंतीच्या गिलाव्यातून दर पावसाबरोबर थोडा थोडा चुना झिरपतो. वर आणखी एक. इथली माती मुळात आंबट, गवताला ती सोसत नाही, म्हणून लोक हिरवळीवर चुन्याची भुकटी पसरतात आणि ती भिंतीपर्यंत उडते. दोन्ही बाजूंनी चुना! सामू वर चढतो. आणि लोहाचा स्वभाव असा, की सामू एक पायरी चढला, की मातीतल्या पाण्यात विरघळणारं लोह हजार पटीनं घटतं. माती लोहानं भरलेली असली तरी मुळाच्या हाती काही लागत नाही. लोहावाचून पानात हरितद्रव्य तयार होत नाही. जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे जात नाही, म्हणून शेंडाच पिवळा पडतो. चुनखडीच्या रानात उसावर पडणारा केवडा तो हाच. आम्ही त्यावर हिराकस फवारतो, तेही लोहच. पण ते पानापुरतं, चार दिवसांचं. माती तीच राहिली, तर केवडा परत येतो.

भिंतीजवळच्या झुडपाला म्हणून खरा उपाय एकच, जागा बदलायची. अझेलिया हलवायला सोपी, कारण मुळं वरच्या वर असतात. ऊन उतरलं, की थंडी सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरात, मुळांचा गड्डा रुंद आणि उथळ काढून दुसरीकडे न्यायचा. जागा कशी हवी, ते ऐका. सकाळचं कोवळं ऊन मिळावं, दुपारी उंच झाडाची विरळ सावली यावी. भर उन्हात ठेवलं, तर पानांच्या पाठीमागे बारीक जाळीदार पंखांचे किडे रस शोषतात आणि पानावर चंदेरी ठिपके उठतात. गर्द सावलीत ठेवलं, तर फुलं येत नाहीत.

खड्डा खोल नको, रुंद हवा. त्यातली माती निम्मी आणि निम्मं कुजलेल्या पानांचं खत, पाइनच्या सालीचा चुरा. शेणखत नको, लाकडाची राख तर मुळीच नको, तिच्यात क्षार असतो. गड्ड्याचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वर राहिला पाहिजे. खोल गाडलं, की मुळांना हवा मिळत नाही, आणि पाणी साचलं, की मूळकुज लागून झाड आठवड्यांत जातं. रोपवाटिकेच्या कुंडीत मुळं गोल गोल फिरून घट्ट झालेली असतात, ती बोटांनी मोकळी करायची, नाही तर ती लावल्यावरही बाहेर येत नाहीत. मग वर दोन-तीन इंच ओकची पानं किंवा पाइनच्या सुया पसरायच्या, खोडापासून चार बोटं सोडून. हे आच्छादन ओल धरतं, मुळं थंड ठेवतं, तण दाबतं आणि कुजता कुजता बुरशीला खाद्य पुरवतं. तण आलंच तर हातानं उपटायचं, खुरपं चालवायचं नाही.

उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी पुरतं, पण ते सावकाश, मुरेल असं. बोट खुपसून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर द्यायचं. जमीन गोठायच्या आधी एकदा भरपूर पाणी पाजायचं, कारण हिवाळ्यात मूळ पाणी ओढू शकत नाही आणि पानांतून मात्र ते जात राहतं. हिवाळा जवळ आला, की काही पानं पिवळी होऊन गळतील, तेव्हा घाबरायचं नाही. सदाहरित अझेलियाला वर्षातून दोनदा पानं येतात. वसंतातली मोठी पानं शरदात गळतात, उन्हाळ्यात आलेली छोटी, जाड पानं थंडी काढतात. तेव्हा गळणारी पानं खालची असतात आणि पूर्ण पिवळी होतात. केवड्याची शेंड्याची असतात आणि शिरा हिरव्या ठेवतात. हा फरक ओळखता आला, की अर्धं माळीकाम आलं.

आणि छाटणी. शेजारचे काका ऑक्टोबरात कात्री घेऊन झुडपं गोल करतात आणि मे महिन्यात फुलं का नाहीत म्हणून विचारतात. अझेलिया पुढच्या वर्षीच्या कळ्या याच वर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये, फांद्यांच्या टोकाला धरून ठेवते. शरदात छाटलं, की कळ्याच छाटल्या जातात. म्हणून छाटायचं ते फुलं सुकल्याबरोबर, दोन-तीन आठवड्यांत. खत द्यायचंच, तर तेही तेव्हाच, आम्लप्रेमी झाडांचं, आणि पुडक्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं.

त्या कळ्या उमलायला मात्र आणखी एक गोष्ट लागते. थंडी. काही आठवडे सतत गारवा, दहा अंशांच्या खाली, मिळाला तरच कळी जागी होते. तुमच्या आत्यानं पुण्यात कुंडी आणायची म्हटली, तर मी तिला हेच सांगेन. पुण्यात जानेवारीची रात्र दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, पण दुपार पुन्हा तिसाकडे जाते. त्यात बोअरचं पाणी चुन्याचं. फुललेली आणलेली कुंडी महिनाभर सुरेख दिसेल, पण पुढच्या वर्षी फुलेल याचा भरवसा नाही. हौसच असेल, तर पावसाचं पाणी साठवून तेच घालायचं, कोकणातली जांभ्याची माती, कोकोपीट आणि पानकुजीचं खत एवढ्यावर ठेवायचं, काळी माती चिमूटभरही नको. दार्जिलिंग, शिलाँग, उटीला जी झुडपं डोळ्यांचं पारणं फेडतात, ती त्या हवेची आणि त्या मातीची आहेत. पुण्याच्या अंगणात तगर आहे, जास्वंद आहे, जाई-जुई आहे. त्यांनाही त्यांच्या मातीत असंच फुललेलं बघावं. झाडावर माया करायची तर आधी त्याचं माहेर विचारावं.

तेव्हा उद्याचं काम ठरलं. भिंतीजवळच्या झुडपाखालून चार ठिकाणची, बोटभर खोलीची माती काढायची, एका पिशवीत मिसळायची. ओकखालची तशीच दुसऱ्या पिशवीत. दोन्हींवर नावं लिहायची आणि रटगर्स विद्यापीठाच्या माती तपासणी प्रयोगशाळेत पाठवायची. मी सांगितलेलं खरं असेल, तर भिंतीजवळचा सामू सहाच्या वर निघेल आणि ओकखालचा पाचच्या आसपास. तसं निघालं, तर सप्टेंबरात झुडूप हलवायचं. दोन्ही आकडे सारखेच निघाले, तर चुन्याला दोष द्यायचा नाही. मग पुन्हा खाली बसायचं, पाला बाजूला करायचा आणि पाणी साचतंय का, मुळं काळी पडलीत का, कुणी ती खोल गाडलीत का, हे एकेक करून बघायचं.